बायजाच्या कॅनची हिरवी चिंधी

हसू नका मित्रांनो, पण आज तुमच्याशी एक चिंधी बोलते आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, आणि एके काळी हिरवीगार. आता माझा रंग ओळखायला तुम्हाला थोडी मेहनत पडेल. माझी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यात मी फारशी शोभून दिसत नाही. माझ्या हातून एक पाप घडलं आणि ते निव्वळ जळफळाटातून घडलं. चिंधीला कसला आलाय जळफळाट, असं म्हणाल. ऐका तर मग.

पोलादपूरच्या वर डोंगरात धनगरांची एक वाडी आहे. घरं बारा-पंधरा, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. तिथल्या बायजाचं एक हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं. ते नेसून नेसून विरलं तेव्हा तिने ते फाडलं. मोठे तुकडे गोधडीत गेले. काठाची चुंबळ झाली, म्हणजे डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवतात ती कापडाची गोल वळी. उरलेला एक तुकडा म्हणजे मी. मला वाटलं, आता आपल्या नशिबी चुलीचं भांडं उतरवणं आलं. पण बायजाने मला तिच्या दुधाच्या कॅनच्या कडीला दोन गाठी मारून बांधलं आणि माझं भाग्य उघडलं.

त्याचं असं आहे. वाडीचं दूध रोज सकाळी महाडजवळच्या एका डेअरीत जातं. बायका कॅन डोक्यावर घेऊन तासभर डोंगर उतरतात आणि हायवेच्या फाट्यावर येतात. तिथून प्रवीणचा पिकअप ते घेऊन जातो. चार वाड्यांचे मिळून चाळीस कॅन, सगळे डेअरीने दिलेले, सगळे एकाच साच्यातले. दुपारी रिकामे कॅन धुऊन परत फाट्यावर येतात. मग आपला कोणता हे कळणार कसं? चिंधीवरून. बायजाची मी हिरवी, शेजारच्या आनंदीबाईची पिवळी, कुणाची ठिपक्यांची, कुणाची शाळेच्या गणवेशाची निळी. कॅन गळका निघाला तर बायका एकमेकींचा उसना घेत. देणारी आपली चिंधी सोडून घ्यायची आणि घेणारी त्यावर आपली बांधायची, की झालं. कॅन कुणाचा का असेना, दूध चिंधीवालीचं. हा आमच्या वाडीचा कायदा होता, आणि दुसरीच्या चिंधीची गाठ कुणीही सोडत नसे.

महाडात मोठा पूर आला त्या वर्षीची गोष्ट. तळीयेचा डोंगर त्याच आठवड्यात खाली आला होता आणि कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डेअरीचं आवार सावित्री नदीच्या पाण्यात गेलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखलात कॅनच कॅन पडले होते. बायजाने लांबूनच बोट दाखवलं, "ती बगा माजी चिंधी!" गाळात अर्धी रुतलेली मी तिला दिसले होते. डेअरीच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला बायजाने कॅनला हळदीकुंकू लावलं तेव्हा एक बोट माझ्यावरही टेकवलं. खोटं कशाला सांगू, मी त्यानंतर कितीतरी दिवस हवेत होते.

मग ती आली.

मार्गशीर्षात डेअरीतून संजीवनी नावाची मुलगी फाट्यावर आली. नवी नेमणूक, महाडच्याच कॉलेजात शिकलेली, बोलायला गोड. तिच्या पिशवीत चाळीस चकत्या होत्या. रुपयापेक्षा थोड्या मोठ्या, काळ्या, गुळगुळीत. प्रवीणने मशीन लावून प्रत्येक कॅनच्या कडीखाली एकेक चकती पक्की ठोकली. माझ्या बरोबर खाली, चार बोटांवर.

"मावशी, ह्याला टॅग म्हणतात," संजीवनी बायजाला सांगू लागली. "ह्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान चिप आहे आणि बारीक तार आहे. बॅटरी नाही. डेअरीच्या फाटकात दोन खांब उभे केलेत, त्यांतून रेडिओच्या लहरी येतात. त्या लागल्या की हा टॅग जागा होतो आणि स्वतःचा नंबर सांगतो. लगेच पडद्यावर तुमचं नाव. मग तुमचं दूध कोणत्या टाकीत गेलं, कोणत्या टँकरमधून मुंबईला गेलं, सगळं कळतं."

"मंजी ह्यो माजा नाव घेनार?" बायजाने विचारलं.

"रोज घेणार."

बायजा चक्क लाजली. लग्नात उखाणा घेतानासुद्धा इतकी लाजली नसेल. तिने पदराने ती चकती पुसली. माझ्याकडे बघितलंही नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी काय करत होते? मीही बायजाचंच नाव सांगत होते की, आणि तेही खांबाबिंबांची मदत न घेता! पण मी फाटकी, मी मळकट, माझ्या पोटात चिप नाही. त्या दिवसापासून मी त्या चकतीला मनातल्या मनात सवत म्हणू लागले.

आणि सवतीचा थाट काय वर्णावा! फाटकातून कॅन गेला की 'टुक' असा आवाज होई आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'बायजा महिपत' असं उमटे. माझा रंगसुद्धा चोरला होता मेलीने. एकदा डेअरी बघायला पाहुणे आले. सगळे वाकून वाकून चकतीचे फोटो काढत होते. एक जण म्हणाला, "हे फडकं जरा बाजूला धरा हो, फोटोत येतंय." प्रवीणने मला दोन बोटांत चिमटीत धरलं. मित्रांनो, ते दिवस आठवले की माझे धागे आजही आखडतात.

घरी तर त्याहून वाईट. बायजाचा नवरा महिपत उतरणीवरून पडल्यापासून फार चालत नाही, दारात बसून म्हशींचं बघतो. बायजा डोंगर चढून आली की तो रोज विचारी, "घेतला का गो तुजा नाव?" आणि बायजा हसून म्हणे, "घेतला." नाव घेणारी म्हणजे ती. मी तिथेच लोंबकळत असे.

श्रावणातल्या एका सकाळी मला माझी ताकद कळली. पाऊस धो धो कोसळत होता आणि मी भिजून जड झाले होते. पिकअपच्या धक्क्यांनी घसरत घसरत मी चकतीवर जाऊन चिकटले. कॅन फाटकातून गेला आणि काहीच झालं नाही. टुक नाही की नाव नाही. प्रवीणने कॅन मागे घेतला, मला वर उचललं, आणि मग टुक झालं. "ओलं फडकं मध्ये येतंय," तो पुटपुटला आणि विसरून गेला.

मी मात्र विसरले नाही. रेडिओच्या लहरींना पाणी चालत नाही, त्या भिजलेल्या कापडात अडतात, हे पुढे संजीवनीने सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं की मी हिच्या तोंडावर हात ठेवू शकते. रात्रभर कॅनच्या कडीला लटकून मी मनात मांडे खाल्ले. हिची बोलती बंद झाली की हिला कोण विचारतंय? खिळा उपटून फेकून देतील हिला. मग पुन्हा मी एकटी.

दुसऱ्या दिवशी कशेडी घाटात दरड आली. पोलादपूरपर्यंत ट्रकच्या रांगा लागल्या आणि पिकअप डेअरीत दोन तास उशिरा पोचला. नुसती घाई, आरडाओरडा, कॅन भराभर ढकलले जात होते. मी वाटेतच अंग सैल सोडलं होतं आणि पंख पसरलेल्या कोंबडीसारखी त्या चकतीवर बसले होते. कॅन फाटकातून गेला. शांतता. कुणाचं लक्ष नव्हतं. नाव न लागलेला कॅन म्हणून एका पोऱ्याने तो भिंतीकडेला सरकवला, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दुपारी संजीवनीला तो कॅन दिसला तोवर दूध नासलं होतं. बायजाचं सकाळचं सगळं दूध गटारात ओतलं गेलं. ते माझ्याच डोळ्यांदेखत पांढरं वाहत गेलं. तरीही मित्रांनो, मी थांबले नाही. मला वाटलं, आता खापर तिच्याच डोक्यावर फुटेल, अजून एक दिवस पुरे. घाटातली दरड काही निघाली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच केलं.

त्या दिवशी संजीवनी स्वतः कॅनपाशी येऊन बसली. तिने मला चिमटीत धरून वर केलं, हातातलं छोटं मशीन चकतीसमोर धरलं. टुक. मला पुन्हा खाली सोडलं. शांतता. पुन्हा वर. टुक. मग तिने प्रवीणला हाक मारली.

"सगळ्या चिंध्या काढून टाका. आजच."

प्रवीणने ब्लेड आणलं. चाळीस चिंध्या, दहा मिनिटांत. बायजाने मारलेल्या दोन गाठी कुणी सोडल्यासुद्धा नाहीत, मधूनच कापल्या. मी चकतीला हाकलायला निघाले होते आणि स्वतःच उकिरड्याच्या वाटेला लागले. नशीब एवढंच की प्रवीणला गाडीची काच पुसायला काहीतरी हवं होतं. बाकीच्या चिंध्या कचऱ्यात गेल्या, मी पिकअपच्या काचेमागे पडले.

तिथून मी फाट्यावरचा सगळा प्रकार पाहिला. प्रवीणने बायजाला सांगितलं, "वहिनी, दोन दिवस तुमच्या कॅनची नोंद झाली नाय, म्हणून तुमच्या नावावर दोन खोटी पडल्यात. महिन्यात तिसरी पडली की कॅन परत घेतात. नियम हाय, मी काय करणार?"

बायजाच्या तोंडचं पाणी पळालं. वाडीवर दुसरा कुणी दूध घ्यायला येत नाही. कॅन गेला तर दोन्ही म्हशी विकायच्या, आणि म्हशी विकल्यावर महिपतने दारात बसून बघायचं काय?  तिने आपला कॅन शोधायला सुरुवात केली, आणि तिला तो सापडेना.

कसा सापडणार? चकती तिथे होतीच की चाळीस कॅनांवर, सगळ्या सारख्या, सगळ्या मुक्या. तिला बोलतं करायला खांब लागतात, ते होते महाडला. डोंगरावरच्या बाईने चकतीवरचा मुंगीएवढा नंबर पावसात उभं राहून वाचावा, तर बायजाला अक्षरओळख नाही. शेवटी आनंदीबाई म्हणाली, "न्हे गो कुठलापन. कॅन काय, सगलं सारकंच. दूध आपला हाय ना?" बायकांनी मान डोलावली आणि हाताला लागेल तो कॅन उचलला. त्यांच्या मते त्यात वावगं काहीच नव्हतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, फक्त वर चिंधी असायची.

मी काचेमागून ओरडत होते. चिंधीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

दोन दिवसांनी ज्याची भीती होती तेच झालं. आनंदीबाईच्या म्हशीला ताप होता आणि डॉक्टरांनी सुई टोचली होती. तसं दूध तीन दिवस डेअरीला द्यायचं नसतं. आनंदीबाईला वाटलं, एका दिवसाने काय होतंय. डेअरीच्या तपासणीत दुधात औषध सापडलं. कॅन कुणाचा? चकतीने खणखणीत आवाजात सांगितलं, टुक, बायजा महिपत. ती खोटं बोलली नव्हती. कॅन बायजाचाच होता.

तिसरी खोट पडली.

निरोप कळला तशी बायजा प्रवीणच्या शेजारी पिकअपमध्ये चढून बसली. पाठोपाठ आनंदीबाईही चढली. मी दोघींच्या समोर काचेपाशी होते, चिखलाने काळी झालेली. बायजाने मला ओळखलं नाही.

डेअरीत पिकअप ऑफिसच्या उघड्या दारासमोरच उभा राहिला, म्हणून मला सगळं दिसलं. संजीवनीने पडदा दाखवला. "मावशी, मला वाईट वाटतंय. पण इथे तुमचंच नाव आहे. मशीन चुकत नाही."

"चुकत नाय ना? मंग त्याला इचार," बायजा म्हणाली. तिची मान ताठ होती. "कॅन कुनाचा त्यो सांगतोय, बरा सांगतोय. पन त्यो कॅन आज कुनाच्या डोईवर व्हता, ह्ये इचार त्याला. सांगतोय का बग."

संजीवनीने पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा बघितलं. प्रवीण खाली बघत होता.

"माज्या डोईवर व्हता," आनंदीबाई म्हणाली. "दूध माजा. सुई टोचलेल्या म्हशीचा. चिंध्या कापल्यान तुमी, मंग कुनाचा कॅन कुनी नेला काय म्हायत? हिचा नाव काडू नका गो बाय. काय ती शिक्षा मला द्या."

म्हशींवरच घर चालवणाऱ्या बाईला हे बोलायला केवढं काळीज लागत असेल, ते तुम्हीच ठरवा. मला तर तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की काचेवरून घसरून खाली पडावं आणि कुणाच्या तरी पायाखाली जावं. तिने एका चुकीची कबुली भरल्या ऑफिसात दिली. मी दोन दिवस जाणूनबुजून पाप केलं आणि कुणी माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता.

 संजीवनीने वरच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. चिंध्या कापायचा हुकूम आपलाच होता, हेही सांगितलं. "सर, टॅग आपल्याला सांगतो की कोणता कॅन आला. पण कोणी आणला हे त्या बायकांच्या चिंध्या सांगत होत्या. मी तेवढ्याच काढून टाकल्या." बायजाच्या तिन्ही खोटी त्या दिवशी पुसल्या गेल्या. आनंदीबाईचं दूध म्हैस बरी होऊन औषध उतरेपर्यंत थांबलं, तेवढंच.

कॅनला दोन कड्या असतात मित्रांनो. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. एका कडीखाली चकती, दुसऱ्या कडीला चिंधी, आणि दोघींमध्ये अख्खा कॅन. प्रत्येकीने रोज आपल्या चिंधीचाच कॅन न्यायचा, उसना घेतला तर प्रवीणला सांगायचं. संजीवनीने हे फाट्यावर दोनदा समजावलं आणि बायकांनी ते एकदाच ऐकलं.

आता माझा दिवस पुन्हा उगवणार म्हणून मी कान टवकारून बसले होते. बायजाने गाडीत हात घातला आणि मला उचललं. तळहातावर पसरून बघितलं. लाल काठाचा एक धागा माझ्या कोपऱ्यात अजून शिल्लक होता, त्यावरून ओळखलं तिने. "अगो बाय, ह्यी तर माजीच!" ती म्हणाली. मग तिने मला जरा ताणून बघितलं आणि मी मधोमध फाटू लागले. मान हलवून तिने मला कनवटीला खोचलं.

कडीला आता दुसरी चिंधी आहे. त्याच लुगड्याची, गोधडीच्या टोकाला उरलेली, माझी सख्खी धाकटी बहीण. हिरवीगार. तिच्याकडे बघवत नाही मला. मत्सर काही एका दिवसात जात नाही, आणि गेला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल.

मला काम मात्र मिळालं आहे. चकतीवर साय वाळली, चिखल बसला, की ती रोज कोरडी पुसायची, असं संजीवनीने बजावलं आहे. त्यासाठी बायजाला एक मऊ, जुनं, सुकं फडकं हवं होतं. म्हणजे ज्या सवतीच्या तोंडावर मी पसरून बसत होते, तिचंच तोंड आता मी रोज पहाटे पुसते. पहिल्या दिवशी मी दात-ओठ खात पुसलं. तिने काही म्हटलं नाही. खांबांशिवाय तिला बोलताच येत नाही, हे मला इतक्या जवळ गेल्यावर कळलं. माझ्यासारखीच मुकी आहे बिचारी.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला कापून फेकण्याआधी ते काय काम करत होतं, हे एकदा विचारा. आणि तुमच्या जागी कुणी नवं आलं, तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. दूध तिसऱ्याचंच सांडतं.

बायजा कॅन घेऊन उतरणीला लागते तेव्हा मी खुंटीवर असते. महिपत दारात बसलेला असतो. आठ वाजायला आले की तो घड्याळाकडे बघतो आणि मीही कान टवकारते. महाड इथून किती लांब! ऐकू काहीच येत नाही. तरी रोज त्या वेळी माझा जीव खालीवर होतो. पुसली होती ना मी नीट? झालं असेल ना टुक?